नोटरीची मोहोर : तिचा अर्थ आणि तिची मर्यादा

बुलढाणा जिल्ह्यातील कोणत्याही तालुक्याच्या ठिकाणी न्यायालयाच्या अथवा तहसील कार्यालयाच्या आवारात कामकाजाच्या दिवशी एक दृश्य हमखास दिसते. मुद्रांक विक्रेत्याच्या आणि अर्ज लिहून देणाऱ्यांच्या टेबलांभोवती खेड्यापाड्यांतून आलेली मंडळी कागदपत्रे सांभाळीत उभी असतात. ‘नोटरी करायची आहे’ हे वाक्य तेथे वारंवार कानी पडते. कोणास शेताच्या वाटणीची नोटरी हवी असते, कोणास प्लॉटच्या खरेदीची, कोणास मुलीच्या नावातील चुकीची. नोटरी हे वास्तविक एका पदाचे नाव. परंतु लोकव्यवहारात ते एका क्रियेचे नाव होऊन बसले आहे. तांबड्या मोहोरेचा तो कागद हाती पडला की व्यवहार कायम झाला, अशी समजूत त्यातून रूढ झाली आहे. या समजुतीची किंमत पुष्कळदा पुढच्या पिढीला मोजावी लागते. म्हणून नोटरी कोण होऊ शकतो, त्याचे काम कोणते आणि त्याच्या मोहोरेने नेमके काय सिद्ध होते, हे सरपंचांनी, शिक्षकांनी आणि गावपातळीवरील कर्मचाऱ्यांनी नीट जाणून घेणे आवश्यक आहे.

नोटरीचा संबंध मुळात व्यापाराशी. १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमात नोटरी नेमण्याची तरतूद होती, ती मुख्यतः वचनचिठ्ठ्या आणि विनिमयपत्रे यांच्यासाठी. ठरल्या दिवशी पैसे देण्यास नकार मिळाला, तर तो नकार कोणी दिला आणि केव्हा दिला याची नोंद एखाद्या त्रयस्थ, विश्वासार्ह माणसाने करून ठेवावी, हा त्यामागील हेतू. खामगाव, मलकापूर यांसारख्या कापसाच्या पेठा असलेल्या या जिल्ह्याला उधारीच्या व्यवहाराची महती वेगळी सांगावयास नको; खामगावच्या कापूस बाजारासाठी जलंबपासून रेल्वेचा फाटा १८७० सालीच आला होता. स्वातंत्र्यानंतर संसदेने नोटरी अधिनियम, १९५२ संमत केला आणि तो १४ फेब्रुवारी १९५६ पासून अंमलात आला. त्या दिवशी बुलढाणा जिल्हा मध्य प्रदेश राज्यात होता. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला तो द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. राज्ये बदलली तरी अधिनियम केंद्राचा असल्याने पदाचे स्वरूप तेच राहिले.

नेमणूक कोणाची होते

नोटरी नेमण्याचा अधिकार केंद्र शासन आणि राज्य शासन या दोहोंना आहे. केंद्र शासन देशाच्या संपूर्ण वा काही भागासाठी, तर राज्य शासन आपल्या राज्यातील क्षेत्रासाठी नेमणूक करते. महाराष्ट्रात हा विषय विधी व न्याय विभागाकडे आहे. नोटरी नियम, १९५६ अन्वये अर्जदाराने वकील म्हणून किमान १० वर्षे व्यवसाय केलेला असावा लागतो. महिला तसेच अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व इतर मागासवर्गातील वकिलांसाठी ही अट ७ वर्षांची आहे. न्यायिक पदावर अथवा कायद्याच्या विशेष ज्ञानाची गरज असलेल्या पदावर विहित काळ काम केलेल्या व्यक्तींनाही अर्ज करता येतो. अर्ज विहित नमुन्यात द्यावा लागतो आणि त्यावर मॅजिस्ट्रेट, राष्ट्रीयीकृत बँकेचा व्यवस्थापक, व्यापारी आणि स्थानिक क्षेत्रातील दोन प्रतिष्ठित रहिवासी यांच्या प्रतिस्वाक्षऱ्या घ्याव्या लागतात. ज्याच्या साक्षीवर उद्या शेकडो लोक विसंबणार, त्याला ओळखणारी माणसे त्याच्या गावी आहेत काय, हे त्यावरून कळते.

केवळ पात्रता असली म्हणजे नेमणूक झाली, असे मात्र नाही. अर्जदार त्या क्षेत्रात सामान्यतः राहतो काय, त्या क्षेत्राचे व्यापारी महत्त्व आणि तेथे आधीच असलेल्या नोटरींची संख्या पाहता आणखी नोटरीची गरज आहे काय, हेही विचारात घेतले जाते. शेगाव अथवा खामगाव आणि संग्रामपूर वा लोणार यांची गरज सारखी असू शकत नाही. तथापि दूरच्या तालुक्यातील माणसाला एका शपथपत्रासाठी दिवसाची मजुरी बुडवावी लागते, ही गोष्ट नुसत्या व्यापारी महत्त्वाच्या मोजमापात बसत नाही. नेमणूक झालेल्या व्यक्तीचे नाव शासनाच्या नोंदवहीत दाखल होऊन तिला व्यवसायाचे प्रमाणपत्र मिळते. त्याची मुदत पूर्वी ३ वर्षांची होती. १९९९ च्या सुधारणेने ती ५ वर्षांची झाली. मुदतीनंतर नूतनीकरण न करता काम चालू ठेवणे अथवा नोटरी नसताना तसे भासविणे हा गुन्हा आहे.

मोहोर आणि नोंदवही

नियमानुसार नोटरीची मोहोर साधी, गोल आणि ५ सेंटिमीटर व्यासाची असते. तिच्यावर नोटरीचे नाव, नेमून दिलेले क्षेत्र, नोंदणी क्रमांक आणि नेमणूक करणाऱ्या शासनाचे नाव असते. एखादा कागद कार्यालयात आला असता या चार गोष्टी वाचण्यास अर्धा मिनिटही लागत नाही, परंतु त्या क्वचितच वाचल्या जातात.

मोहोरेपेक्षाही महत्त्वाची वस्तू म्हणजे नोटरीची नोंदवही. प्रत्येक कामाची तारीख, कामाचे स्वरूप, संबंधितांची नावे व पत्ते, आकारलेली फी आणि संबंधितांच्या सह्या तीत असाव्या लागतात. वही वापरात आणण्यापूर्वी तिच्या पृष्ठांची संख्या पहिल्या पानावर प्रमाणित करावी लागते, जेणेकरून मागाहून पान घालणे वा काढणे शक्य होऊ नये. जिल्हा न्यायाधीश अथवा शासनाने नेमलेला अधिकारी वर्षातून दोनदापर्यंत ती तपासू शकतो. फीचे दर कार्यालयाच्या आत व बाहेर ठळक जागी लावणे आणि घेतलेल्या रकमेची पावती देणे हेही नोटरीवर बंधनकारक आहे. पावती मागणे म्हणजे अविश्वास दाखविणे, असा संकोच ग्रामीण भागात आढळतो. तो अनाठायी आहे.

दस्तऐवजावर सही झाल्याचे प्रमाणित करणे, शपथ देऊन शपथपत्र घेणे, भाषांतर करणे व ते पडताळणे, वचनचिठ्ठी वा हुंडी पैशांसाठी सादर करणे आणि तिचा अनादर झाल्यास तशी नोंद करणे ही नोटरीची प्रमुख कामे. परदेशी शिक्षणासाठी वा नोकरीसाठी निघालेल्या तरुणांची कागदपत्रेही त्याच्याकडे येतात. या सर्व कामांचा गाभा एकच : अमुक माणूस अमुक दिवशी माझ्यासमोर आला, त्याची ओळख मला पटली आणि त्याने माझ्यासमक्ष सही केली, असे नोटरी सांगतो. म्हणूनच सही करणारा समोर नसताना ‘ते घरी आजारी आहेत, सही करून आणली आहे’ या शब्दांवर मारलेली मोहोर मुळातच पोकळ ठरते. निरक्षर व्यक्तीच्या बाबतीत मजकूर तिला समजेल अशा भाषेत वाचून दाखविल्यानंतरच अंगठा घेतला जाणे अगत्याचे आहे.

मोहोरेने काय होत नाही

कागदातील मजकूर खरा आहे, असे नोटरी सांगत नाही. त्याच्या मोहोरेने मालकीही हस्तांतरित होत नाही. नोंदणी अधिनियम, १९०८ अन्वये १०० रुपये वा त्याहून अधिक मूल्याच्या स्थावर मिळकतीचे खरेदीखत दुय्यम निबंधकांकडे नोंदवावेच लागते. तुकडेबंदीच्या १९४७ च्या कायद्यामुळे लहान भूखंडांची नोंदणी होत नसे, तेव्हा एक-दोन गुंठ्यांचे असंख्य व्यवहार मुद्रांकावर लिहून, नोटरी करून पार पडले. पैसे गेले, घरही उभे राहिले, पण सातबारा विकणाऱ्याच्या नावावरच राहिला. मुखत्यारपत्राच्या आधारे होणाऱ्या विक्रीने मालकी मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले आहे.

वडिलोपार्जित शेतीतील बहिणींच्या हक्काची गोष्ट याहून नाजूक. वडिलांच्या निधनानंतर बहिणींना तालुक्याला बोलावून नोटरीसमोर हक्कसोड लिहून घेतल्याची उदाहरणे गावोगाव सांगितली जातात. स्थावर मिळकतीतील हक्क सोडण्याचा दस्त नोंदणीकृतच असावा लागतो. केवळ नोटरी केलेल्या कागदावरून बहिणीचे नाव कमी करता येत नाही. याचा लाभ दोन्ही बाजूंना आहे. भावाला पुढे वाद उद्भवण्याची भीती राहत नाही आणि बहिणीला दुय्यम निबंधकांसमोर उभे राहताना आपण काय सोडीत आहोत याचा विचार करण्यास अवसर मिळतो. कुटुंबातील विनामोबदला हक्कसोडपत्रासाठी मुद्रांक शुल्क नाममात्रच ठेवलेले असल्याने खर्चाची सबबही टिकत नाही.

मृत्युपत्राचे उलट आहे. त्याला नोटरीची आवश्यकताच नाही. दोन साक्षीदारांचे विधिवत साक्षांकन असले की पुरे. विवाह अथवा घटस्फोट ‘नोटरीवर’ करण्याचा प्रकारही असाच निराधार आहे. नोटरी हा विवाह अधिकारी नव्हे आणि अशा दस्तांना प्रमाणित करण्याचा त्याला अधिकार नाही, असे केंद्र शासनाच्या विधी कार्य विभागाने २०२४ साली सर्वांना कळविले आहे. काडीमोडाचा कागद करून दुसरा संसार मांडणाऱ्याची पहिली पत्नी कायद्याने पत्नीच राहते, हे ग्रामपंचायतीच्या सदस्यांनी अशा बैठकीत वेळीच सांगितले तर एक घर वाचते.

शपथपत्र खरोखर हवे काय

नोटरीकडील गर्दीचा एक भाग अनावश्यक असतो आणि त्याचे कारण कार्यालयांच्या सवयीत आहे. शासकीय कार्यालयांत सादर करावयाच्या शपथपत्रांवरील मुद्रांक शुल्क महाराष्ट्र शासनाने २००४ सालीच माफ केले. मार्च २०१५ मध्ये, ज्या ठिकाणी कायद्याने शपथपत्र बंधनकारक नाही तेथे साध्या कागदावरील स्वयंघोषणापत्र आणि स्वयंसाक्षांकित प्रती स्वीकाराव्यात, असा निर्णय झाला. तरीही अर्जासोबतच्या यादीत शपथपत्राचा उल्लेख जुन्याच सवयीने राहून जातो. ऑक्टोबर २०२४ मध्ये अनेक दस्तांवरील किमान मुद्रांक शुल्क १०० वरून ५०० रुपये झाले, तेव्हा दाखल्यांसाठी धावणाऱ्या विद्यार्थ्यांकडूनही हा मुद्रांक मागितला जाऊ लागला आणि त्यांना तो लागत नाही, हे शासनाला पुन्हा सांगावे लागले. मुख्याध्यापकांनी आणि सेतू केंद्रचालकांनी शपथपत्र मागण्यापूर्वी ते कोणत्या नियमाखाली मागितले जात आहे, एवढे पाहिले तरी पुष्कळांचा एक दिवस वाचेल. जेथे शपथपत्र खरोखर लागते तेथेही नोटरीखेरीज तहसीलदारांसारख्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांसमोर ते करता येते.

एखाद्या कागदावरील मोहोरेविषयी शंका आल्यास कागदावरील नोंदवहीचा क्रमांक व तारीख घेऊन संबंधित नोटरीकडे विचारणा करता येते. नोंद नसेल, अथवा सही करणारी व्यक्ती त्या दिवशी हजरच नव्हती असे दिसून येईल, तर नोटरीने व्यवसायात गैरवर्तन केल्याची तक्रार विहित नमुन्यात, पुराव्यासह नेमणूक करणाऱ्या शासनाकडे करावी लागते. चौकशीत दोष सिद्ध झाल्यास नोंदवहीतून नाव काढून टाकले जाऊ शकते. कर्तव्य बजावताना केलेल्या गुन्ह्याबद्दल मात्र शासनाने प्राधिकृत केलेल्या अधिकाऱ्याच्या लेखी तक्रारीशिवाय न्यायालयाला दखल घेता येत नाही. म्हणून तक्रार प्रथम शासनाकडेच जावयास हवी आणि तिच्यासोबत मूळ कागदाची प्रत जोडलेली असावी.