‘गुड टच, बॅड टच’च्या पलीकडे

बदलापूरच्या शाळेतल्या दोन चिमुरड्यांवरच्या अत्याचाराचं प्रकरण ऑगस्ट २०२४ मध्ये उघड झालं. २० तारखेला संतापलेल्या लोकांनी बदलापूर स्थानकात तासन्‌तास लोकल रोखल्या. आमचं कोपर स्थानकही त्याच लाइनवरचं. तेव्हापासून इथल्या पालकांच्या तोंडी ‘गुड टच, बॅड टच’ हे शब्द बसले, हे बरंच झालं. पण काही गैरसमजही सोबत बसलेत.

पहिला म्हणजे, प्राथमिक शाळेत हे शिकवायचं म्हणजे पोरांना नको ते शिकवायचं. २००७ साली महाराष्ट्रात किशोरवयीन शिक्षण कार्यक्रमाला विरोध झाला आणि तो थांबवला गेला, त्यामागे हीच धास्ती होती. आणि तो तर मोठ्या वर्गांसाठी होता. पहिली ते चौथीत शिकवायचं असतं ते वेगळंच. हात कधी धुवायचे, राग आला तर काय करायचं, भांडण मिटवायचं कसं, नको असेल तर ‘नको’ कसं म्हणायचं. इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०२० पासून प्राथमिक शाळांत नातेसंबंधांचं शिक्षण सक्तीचं आहे, लैंगिक शिक्षण मात्र तिथेही या वयात सक्तीचं नाही. आपल्याकडे यातलं बरंच परिसर अभ्यासात आणि परिपाठात येतंच. फक्त परिपाठात मुलं सुविचार एका सुरात म्हणतात, स्वतःचं वाक्य बोलायची वेळ फारशी येत नाही.

दुसरा समज अनोळखी माणसाचा. ‘कुणी चॉकलेट दिलं तर घेऊ नकोस’ हे प्रत्येक घरात सांगतात. पण बालकांवरील बलात्काराच्या गुन्ह्यांत ९० टक्क्यांहून अधिक वेळा आरोपी मुलाच्या ओळखीतलाच असतो, असं राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारी सांगते. नात्यातला, शेजारचा, रोज ने-आण करणारा. त्यामुळे नुसत्या ‘बॅड टच’च्या धड्याने भागत नाही. ओळखीच्या माणसाचा स्पर्श मुलाला वाईट वाटेलच असं नाही. तो लाडाच्या, खाऊच्या, खेळाच्या रूपात येतो. म्हणून नियम वाटण्यावर नको, वागण्यावर हवा: अंघोळ घालणारे घरचे आणि घरच्यांसमोर तपासणारे डॉक्टर सोडून चड्डीखालच्या भागाला कुणी हात लावायचा नाही, आणि ‘हे आपलं गुपित, आईला सांगू नकोस’ असं कुणी म्हणालं तर ते गुपित त्याच दिवशी फोडायचं. वाढदिवसाच्या भेटवस्तूचं गुपित चालतं, कारण ते दोन दिवसांत सगळ्यांना कळणारच असतं. दुसरीतल्या पोराला हा फरक नीट कळतो.

वर्गात करून घ्यावी अशी एक सोपी कृती आहे. पाटीवर किंवा वहीत स्वतःचा पंजा गिरवायचा आणि प्रत्येक बोटावर ज्याला काहीही सांगता येईल अशा मोठ्या माणसाचं नाव लिहायचं. पहिलं बोट बहुतेकांचं ‘आई’. पण कोपरसारख्या ठिकाणी सकाळची लोकल पकडणारी आई रात्री आठला घरी येते. मग दुपारी कुणाला सांगायचं? दुसरं आणि तिसरं बोट म्हणूनच महत्त्वाचं. आणि एकाने ऐकलं नाही, हसण्यावारी नेलं, तर पुढच्या बोटाकडे जायचं. खरा धडा हाच. पाचही बोटांवर घरचीच नावं असतील तर बाईंनी थोडं थांबावं. एखादं बोट घराबाहेरचं हवं.

हे मुलींपुरतंच आहे, हाही एक समज. महिला व बालविकास मंत्रालयाच्या २००७ च्या अभ्यासात लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगणाऱ्या मुलांपैकी निम्म्याहून जास्त, ५२.९४ टक्के, मुलगे होते. आणि मुलग्यांना शिकवायचं ते फक्त बचावापुरतं नाही: बदलापूर प्रकरणाची स्वतःहून दखल घेताना मुंबई उच्च न्यायालयाने मुलग्यांना लहान वयातच समानता शिकवण्यावर भर दिला.

राहता राहिलं शाळेचं नाव. ‘आधी खातरजमा करू, उगाच बोभाटा नको,’ असं म्हणत मुख्याध्यापक दार लावून चौकशी करतात, ते कायद्यात बसत नाही. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. त्याच्या कलम १९ नुसार गुन्ह्याची शंका आली तरी पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे आणि न कळवणाऱ्याला कलम २१ खाली शिक्षा आहे. संस्थेचा प्रमुख असेल तर एक वर्षापर्यंत कैद. पुरावा शोधणं हे बाईंचं काम नाही, पोलिसांचं आहे. बाईंनी ऐकायचं, मूल जे म्हणालं ते त्याच्याच शब्दांत टिपायचं, पुन्हा पुन्हा विचारायचं नाही आणि कळवायचं. चाइल्डलाइनचा क्रमांक १०९८, फुकट. तो मुख्याध्यापकांच्या खोलीत नको, मुलांच्या उंचीवर, पाण्याच्या नळाजवळ लावलेला हवा.