बदकाचा वास

शस्त्रक्रियेच्या इतिहासाचा नाद मला लागला तो एका जेवणाच्या यादीमुळे. सुगंधी पाला घातलेलं वासराच्या मांसाचं सूप, कोबी आणि उकडलेलं कोकराचं मांस, पालक, बदकाची तंगडी आणि छातीचा तुकडा, दोन चंडोल, शेवटी फळं; सोबत बिअर आणि मोझेलची वाइन. ही यादी आचाऱ्याच्या वहीतली नाही. लायडन विद्यापीठाचा प्राध्यापक हेर्मान बूरहाव यानं १७२४ साली एक लॅटिन पुस्तिका छापली, तिच्यात एका मृत्यूची हकीगत सांगण्याआधी त्यानं हा बेत नोंदवला आहे. पुस्तिकेच्या लांबलचक नावाचा मथितार्थ असा: भयंकर आणि पूर्वी कुणीच न वर्णिलेल्या रोगाचा इतिहास. १९५५ मध्ये तिचं इंग्रजी भाषांतर निघालं. तेच हाती लागलं आणि मी त्यात अडकलो ते अडकलोच.

जेवणारा होता बॅरन यान फान वासेनार, डच नौदलाचा मोठा अधिकारी. खाण्यापिण्याचा शौकीन, संधिवातानं बेजार. जास्त खाल्लं की औषध घेऊन ओकून टाकायचं, ही त्याची जुनी खोड. वैद्यांनी बजावलं होतं, पण ऐकतो कोण! २९ ऑक्टोबर १७२३ च्या रात्री साडेदहाच्या सुमाराला पोटाच्या वरच्या अंगाला जड वाटू लागलं. एका काटेरी झुडपाच्या पाल्याचा काढा हे त्याचं नेहमीचं औषध. तीन पेले घेतले; नीट उलटी होईना. आणखी चार घेतले. आणि जोर काढता काढता तो असा किंचाळला की नोकर धावत आले. आत काहीतरी फाटलं, जागचं सरकलं आणि आपण आता वाचत नाही, हे त्यानं स्वतःच सांगून टाकलं. निदान रोग्यानंच केलं होतं, अगदी बरोबर केलं होतं. ते कळायला वैद्यांना शवविच्छेदनापर्यंत थांबावं लागलं.

त्यांनी ऑलिव्हचं तेल पाजलं, रक्त काढलं. बूरहाव आला तेव्हा बॅरन अंथरुणात बसून पुढे वाकला होता आणि तीन नोकर त्याला धरून होते. आडवं पडणं सोडाच, जरा ताठ झालं तरी वेदना असह्य व्हायच्या. नाडी पाहिली, लघवी पाहिली, पोट दाबून पाहिलं. युरोपभरातून विद्यार्थी ज्याच्या पायाशी यायचे त्या माणसाला काही म्हणता काही उलगडेना. स्टेथोस्कोप यायला अजून जवळजवळ शतक होतं, क्ष-किरण तर फार दूर. दुसऱ्याच दिवशी बॅरन गेला.

बूरहावनं शव उघडलं. कातडीखाली हवा भरलेली, दाबली की करकरायची. पोटात विशेष काही नाही. छाती उघडली तर आतून हवा सुटली आणि वास आला भाजलेल्या बदकाचा. फुप्फुसांभोवती पातळ द्रव साठला होता, त्यावर तेल तरंगत होतं. तेच, बॅरनला पाजलेलं. द्रव मोजला तर १०४ औंस, म्हणजे तीनेक लिटर. श्वासपटलाच्या तीन बोटं वर अन्ननलिका आडवी तुटली होती. औषध म्हणून जे जे तोंडावाटे दिलं ते सगळं सरळ छातीत गेलं होतं. ही गोष्ट बूरहावनं दडवली नाही, म्हणून मला तो मोठा वाटतो. त्याचे शरीराविषयीचे बरेच सिद्धांत आज अडगळीत गेले आहेत. आपली हार औंसांत मोजून लिहिणारी ही पुस्तिका मात्र टिकली.

या रोगाला आज बूरहावचंच नाव आहे. कोंडलेली उलटी आतून दाब देते आणि अन्ननलिका खालच्या टोकाशी, बहुधा डाव्या अंगाला फाटते. आतड्याला बाहेरून असतं तसं आवरण तिला नाही, म्हणून टाका धरणंही अवघड. पुढची सव्वादोनशे वर्षं मी एका वाक्यात ओलांडतो, कारण त्यात बहुतेक शवविच्छेदनंच आहेत. १९४६ साली लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलच्या नॉर्मन बॅरेटनं आधीच्या नोंदी एकत्र करून स्वतःचे तीन रोगी मांडले. पुढच्याच वर्षी त्यानं छाती उघडून फाटलेली नळी शिवली आणि रोगी जगला. गंमत म्हणजे बॅरेटचं नाव अन्ननलिकेच्या वेगळ्याच एका विकाराला चिकटलं आहे, आणि त्या विकाराबद्दलचं त्याचं पहिलं म्हणणं चुकीचं होतं!

अन्ननलिकेची खरी भीती मात्र शेजाऱ्याची. छातीत तिला खेटून महाधमनी जाते. दोघींमध्ये भोक पडलं की काय होतं, ते १८१८ साली एका फ्रेंच नौदल सर्जननं नोंदवलं. निमित्त गिळलेल्या हाडाच्या तुकड्याचं. १९१४ मध्ये स्ट्रासबर्गच्या हान्स कियारीनं त्याची चाल सांगितली: छातीत दुखतं, थोडं लाल रक्त ओकलं जातं, मग सगळं शांत. काही तास, कधी काही दिवस. रोगी बरा वाटतो. नंतर एकदम लोंढा. त्या पहिल्या थोड्या रक्ताला इंग्रजी वैद्यकात चोपदाराची उपमा आहे. ललकारी ऐकू आली तर मधल्या शांततेतच काय ते करायचं असतं.

आमच्या कोकणात घशात काटा अडकला की भाताचा गोळा न चावता गिळायला लावतात. लहानपणी मीही असे गोळे मुकाट गिळले आहेत. कियारी वाचल्यावर घरात ते बंद केलं. गोळ्यानं काटा निघतो असं नाही, आणखी खोलही रुततो. गिळलेल्या वस्तूनं महाधमनीला असं भोक पडूनही रोगी वाचल्याची पहिली नोंद १९८० ची, क्टेर्क्टेको आणि मोक यांची.

आता मांडीच्या धमनीतून आवरण चढवलेला स्टेंट वर सरकवून महाधमनीचं भोक आतून झाकता येतं. मिनिटांत रक्त थांबतं, आणि अननुभवी माणूस इथेच सुटकेचा श्वास टाकतो. पण भोकाची दुसरी बाजू अन्ननलिकेत उघडीच असते. लाळ आणि जंतू त्या नव्या कापडावर झिरपत राहतात, तिथे जंतुसंसर्ग होतो, आणि रक्त पुन्हा फुटतं. म्हणून रोगी सावरला की पुष्कळदा अन्ननलिकाच काढून टाकतात, जंतू लागलेला महाधमनीचा तुकडा बदलतात आणि पोटातला चरबीचा पदर वर ओढून त्याभोवती गुंडाळतात. आतड्यात नळी घालून महिनोन्‌महिने अन्न देतात; मग जठर किंवा मोठ्या आतड्याचा भाग वर घेऊन गिळण्याची वाट नव्यानं जोडतात.

फाटलेली अन्ननलिका शिवणाऱ्या एका सर्जनला मी ती यादी वाचून दाखवली. चंडोलापाशी ते हसले. बदकाच्या वासापाशी मात्र त्यांनी मान डोलावली. छाती उघडल्यावर धुवायला बादलीभर सलाइन लागतं, म्हणाले, आणि आपल्याकडे त्यातून बहुतेक वेळा निघतात ती भाताची शितं.