पटावरील आकडा आणि वर्गातील मूल

उच्च प्राथमिक शाळेचा पट म्हणजे केवळ बेरीज नव्हे. १ एप्रिल २०१० पासून अंमलात आलेल्या शिक्षण हक्क अधिनियमानुसार सहावी ते आठवीसाठी दर ३५ मुलांमागे किमान एक शिक्षक असावा लागतो. शिक्षकांची पदे पटावर ठरत असल्यामुळे पट खरा असणे अगत्याचे आहे.

तथापि एकूण पटावरून शाळेची स्थिती पुरती कळत नाही. समजा, पाचवीत २० मुलगे व २० मुली होत्या. तीन वर्षांनी त्याच तुकडीच्या आठवीत १९ मुलगे व १३ मुली आढळल्या. घट आठांचीच दिसते. परंतु त्या मुलग्यांपैकी तिघे मध्यंतरी परगावाहून आलेले असतील, तर मूळच्या ४० पैकी २९ च उरले. गेलेल्या ११ मुलांत ७ मुली आहेत. त्यांपैकी पाचांनी दाखला नेऊन अन्यत्र नाव घातले असेल, तर उरलेली सहा कोठे आहेत? या प्रश्नाचे उत्तर बेरजेत नसते. ते जनरल रजिस्टरात नावानिशी शोधावे लागते.

दुसरी गोष्ट काळाची. पटाची गणना बहुधा सप्टेंबरअखेर होत आली आहे. बीडसारख्या जिल्ह्यांतील ऊसतोड कुटुंबे त्यानंतर, दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात व उन्हाळ्याच्या तोंडी परततात. म्हणजे गणनेत असलेले मूल मार्गशीर्षात वर्गात नसते. धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी मोठ्या मुलीस सोबत नेले जाते, आणि ती बहुधा याच वर्गांतील असते.

यास्तव शिक्षकांनी जून, नोव्हेंबर व एप्रिल अशी तीन वेळा मुलगे, मुली, वय व वस्ती यांवार मोजणी करावी. स्थलांतरापूर्वी पालकांस भेटून मुलास आजी-आजोबांकडे अथवा हंगामी वसतिगृहात ठेवता येईल काय, ते पाहावे. मूल जाणारच असेल, तर दाखला तत्काळ द्यावा. तो नसला तरी नव्या शाळेस प्रवेश नाकारता येत नाही, हेही पालकांस सांगावे. परतलेल्या मुलास वयानुरूप वर्गात बसवून मागे पडलेला अभ्यास भरून काढावा.

गैरहजर मुलाचे नाव कमी करणे सोपे असते. परंतु नाव खोडल्याने मूल शिकत नाही. त्याचा ठावठिकाणा लागल्यावरच पटाचे काम पुरे होते.