आधी सांधे, मग सुई

सांधे धरले की वऱ्हाडातला माणूस अमरावती गाठतो. राजापेठेच्या आसपास कुठेतरी रक्त देतो आणि संध्याकाळी ‘आरए फॅक्टर पॉझिटिव्ह’ असा कागद घेऊन दर्यापूर किंवा मोर्शीच्या एसटीत बसतो. घरी पोचेपर्यंत त्याच्या लेखी आमवाताचं निदान झालेलं असतं. खरं तर तो कागद निदान नव्हे. सांधे तपासून जी शंका आलेली असते, तिला रक्ताची तपासणी बळ देते किंवा ती दूर करते. मुळात शंकाच नसेल, तर तोच कागद दिशाभूल करतो.

हिशेब साधा आहे. इंदापूर तालुक्यातल्या भिगवणला संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ पासून घरोघरी सांधेदुखीची पाहणी केली, तेव्हा सुमारे अर्धा टक्का प्रौढांना आमवात असल्याचं आढळलं. म्हणजे हजारात पाच. त्या पाचांपैकी तीन-चार जणांच्या रक्तात आरए फॅक्टर हे प्रतिपिंड सापडेल. पण ते निरोगी माणसांतही असतं. उतारवयात, क्षयात, कुष्ठरोगात, हिपॅटायटिस सी झाल्यावर तर अधिकच. शंभरांत पाच जण असे धरले, तरी उरलेल्या ९९५ जणांत पन्नासेक कागद पॉझिटिव्ह येतील. सरसकट सगळ्यांचं रक्त तपासलं, तर चोपन्नेक पॉझिटिव्हांत खरे रुग्ण जेमतेम चार. सणासुदीला सवलतीत मिळणारं ‘आर्थ्रायटिस पॅकेज’ म्हणूनच मला घातक वाटतं.

हात मात्र पुष्कळ सांगतो. डॉक्टर बोटांच्या मुळाशी असलेल्या सांध्यांची ओळ दोन्ही बाजूंनी हलकेच दाबतात, मग मधला सांधा चिमटीत धरतात. आमवाताची सूज मऊ, दबणारी लागते. सांध्यांच्या झिजेत बोटाच्या टोकाजवळ हाडासारखी टणक गाठ लागते. सकाळी आखडलेले हात दहा-पंधरा मिनिटांत मोकळे झाले तर बहुधा झीज, तासभर लागला तर दाहाचा संशय. कापूस वेचताना बोटं मिटत नाहीत असं एखादी बाई सांगते, तेव्हा ‘काम फार झालं’ म्हणून तिला परत पाठवणं हा अन्याय आहे. आमवाताच्या २०१० च्या आंतरराष्ट्रीय निकषांतही निदान एक सुजलेला सांधा असल्याशिवाय गुण मोजायला सुरुवातच होत नाही. दहापैकी सहा गुण लागतात. दहाहून अधिक सांधे धरलेले असतील, त्यांत लहान सांधेही असतील आणि दुखणं सहा आठवडे टिकलं असेल, तर रक्तातली प्रतिपिंडं नसतानाही सहा भरतात. निगेटिव्ह कागदावर विसंबून अशा रुग्णाला निरोगी ठरवणं ही दुसऱ्या टोकाची चूक.

पण सहा आठवडे टिकलेलं प्रत्येक दुखणं आमवात नसतं. २००६ मध्ये चिकनगुनियाची साथ विदर्भातही पसरली, तेव्हा ताप उतरल्यावरही कित्येकांचे सांधे महिनोन्‌महिने सुजलेले राहिले. त्या दुखण्यातही आरए फॅक्टर पॉझिटिव्ह येऊ शकतो. तापाची चौकशी न करता रिपोर्ट वाचला, तर साथीचा रुग्ण जन्मभराचा आमवाती ठरतो.

प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटणाऱ्या ल्युपस या आजाराची गोष्ट याहून नाजूक आहे. त्याच्या जवळजवळ प्रत्येक रुग्णाची एएनए ही प्रतिपिंडांची चाचणी पॉझिटिव्ह येते, म्हणून ती निगेटिव्ह आली तर ल्युपसची शक्यता फारच कमी उरते. पण १:८० या पातळीला शंभरांत दहा-बारा निरोगी माणसंही पॉझिटिव्ह निघतात. उन्हात गेल्यावर गालांवर उठणारा आणि नाकाच्या कडेची घडी सोडणारा लाल चट्टा, तोंडात न दुखणारे व्रण, गळणारे केस, अंगावर सूज, फेसाळ लघवी: यांतलं काही असेल तरच त्या कागदाला वजन येतं. लघवीतली प्रथिनं पाहणारी स्वस्त तपासणी तर मूत्रपिंड वाचवते, आणि नेमकी तीच राहून जाते.

यावर आक्षेप येईल की, ही प्रतिपिंडं रोगाच्या कित्येक वर्षं आधी रक्तात दिसतात, मग आधीच तपासून ठेवलं तर बिघडलं काय? ती आधी दिसतात हे खरंच. पण अशा पुष्कळांना पुढे रोग होतच नाही, आणि लक्षणं नसलेल्या माणसाला सरसकट द्यावं असं औषध आज नाही. त्याच्या हाती फक्त धास्ती उरते. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: तालुक्याला संधिवाततज्ज्ञ नसतो, रांग मोठी असते, अशा वेळी रक्ताचा कागदच हाताशी असतो. मात्र बोटं दाबून पाहायला, सकाळी हात किती वेळ आखडतात ते विचारायला तज्ज्ञ लागत नाही. मऊ सूज आणि लांबलेला आखडलेपणा दिसला, की सीआरपी, आरए फॅक्टर व अँटी-सीसीपी या रक्ताच्या तपासण्या सांगाव्यात आणि रुग्णाला लगेच पुढे पाठवावं. आमवातात हाडांचं नुकसान पहिल्या एक-दोन वर्षांतच सुरू होतं आणि मेथोट्रेक्सेटसारखं औषध त्याआधी सुरू झालं, तर सांधे वाकडे होणं बहुतेकांत टळतं.