हरारी समाज : शहर हीच ओळख

इथिओपियाच्या पूर्व भागातील हरार या तटबंदीच्या शहरातील मूळ मुस्लिम समाजास 'हरारी' असे संबोधले जाते. हे संबोधन मात्र बाहेरच्यांचे आहे. हा समाज आपल्या शहरास 'गे', स्वतःस 'गे उसु' म्हणजे शहराची माणसे आणि आपल्या भाषेस 'गे सिनान' म्हणजे शहराची भाषा म्हणतो. ज्या समाजाची ओळखच शहरावर उभी आहे, त्याचे शहराबाहेर काय होते, हा प्रश्न प्रस्तुत लेखात विचारात घेतला आहे.

गे सिनान ही अम्हारिकप्रमाणे सेमिटिक कुळातील भाषा होय. हरारच्या सभोवताली मात्र ओरोमो व सोमाली या कुशिटिक भाषा बोलल्या जातात. तिच्या निकटच्या भगिनी, सिल्टेसारख्या भाषा, दूर पश्चिमेस आहेत. पूर्वी ती अरबी लिपीत लिहिली जाई, पुढे गीझ लिपीही रूढ झाली. एका शहरापुरती भाषा शेकडो वर्षे टिकते, यामागे सोळाव्या शतकात अमीर नूर इब्न मुजाहिद याने उभारलेला 'जुगोल' हा तट जसा आहे, तसेच घरही आहे. हरारी घराच्या मुख्य दालनात 'नदबा' नावाचे उंच-सखल ओटे असतात व कोणी कोठे बसावे हे मानानुसार ठरते. भिंतींवर स्त्रियांनी विणलेल्या टोपल्या शोभतात. लग्न व मर्तिक यांचा भार 'अफोचा' ही मंडळे वाहतात. स्त्रियांची मंडळे वेगळी असतात. माझ्या मते तटापेक्षा अफोचाच अधिक भक्कम ठरली.

कारण तट असूनही १८८७ मध्ये दुसऱ्या मेनेलिकने हरार जिंकले. १९४८ च्या राजकीय दडपशाहीनंतर अनेक कुटुंबे अदिस अबाबास गेली, तर १९७५ च्या जमीन राष्ट्रीयीकरणाने तटाबाहेरील शेतीवरची मालकी संपली. २००७ च्या जनगणनेत हरारी राज्यातच हरारींचे प्रमाण सुमारे नऊ टक्के होते.

१९९५ च्या संविधानाने हरारला स्वतंत्र घटक राज्याचा दर्जा दिला. तेथील विधिमंडळाच्या ३६ पैकी १४ जागा हरारींसाठी राखीव असून, त्यांसाठी देशात अन्यत्र राहणारे हरारीही मतदान करतात. उर्वरित बहुसंख्य नागरिकांना ही व्यवस्था न्याय्य वाटेलच असे नाही. तथापि, 'शहराची माणसे' ही संज्ञा शहर सोडलेल्यांनाही लागू होते, हे येथे कायद्यानेच मान्य केले आहे.