टेप लावा, लिटर मोजा

सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीत किती पाणी मावतं, असं विचारलं की उत्तरं अंदाजपंचे येतात. खरं तर मीटरचा टेप आणि शाळेतला गुणाकार एवढ्यावर काम भागतं. आतून लांबी २ मीटर, रुंदी १.५ मीटर, पाणी १.२ मीटर खोल, गुणाकार ३.६ घनमीटर. घनमीटरला हजार लिटर, म्हणजे ३,६०० लिटर. हेच फुटांत मोजलं तर आलेल्या घनफुटांना २८.३ ने गुणल्याशिवाय लिटर हाती लागत नाहीत.

याच टाकीतलं पाणी १ सेंटीमीटर उतरलं की ३० लिटर गेले. गळतीची शंका असेल तर रात्री मोटर आणि सगळे व्हॉल्व्ह बंद करा, काठी तळापर्यंत बुडवा, ओल जिथवर चढली तिथे पेन्सिलीने रेघ मारा. पहाटे पुन्हा बुडवा. ओल रेघेच्या ४ सेंटीमीटर खाली राहिली, तर रातोरात १२० लिटर झिरपलं. प्लंबरला 'गळतंय वाटतं' म्हणण्यापेक्षा हा आकडा सांगितलेला बरा.

ही सोय आपोआप झालेली नाही. फ्रान्सने १७९५ साली मापं ठरवतानाच ती एकमेकांत गुंतवली: १० सेंटीमीटर बाजूच्या घनात मावेल तो लिटर, आणि एक घनसेंटीमीटर पाण्याचं वजन तो ग्रॅम. आपल्याकडे १९५६ च्या कायद्याने शेर-मण मागे पडून हीच मापं आली. म्हणून गच्चीवर हजार लिटरची टाकी चढवली की स्लॅबवर एक टन भार आला, हे तोंडी सांगता येतं. हे पाण्यापुरतंच, बरं का. तेल हलकं असतं; लिटरच्या पिशवीवर ९१० ग्रॅम असं बारीक अक्षरांत छापलेलं सापडेल. किलोच्या आणि लिटरच्या भावांची तुलना करताना ते वाचावं.

पावसाचा मिलिमीटर मात्र अनेकांना कोडं वाटतो. पडलेलं पाणी न वाहता, न मुरता साचलं तर जेवढी उंची होईल, तेवढा पाऊस. एक चौरस मीटरवर १ मिलिमीटर म्हणजे बरोबर १ लिटर. पुण्यात वर्षाला ७०० मिलिमीटर धरा. १०० चौरस मीटरच्या गच्चीवर ७०,००० लिटर पडतं. त्यातलं ८० टक्के पन्हळीतून टाकीत आलं तरी ५६,०००. दरडोई दररोज १३५ लिटर या शहरी हिशेबाने चौघांच्या घराला ते साडेतीन महिने पुरेल. अडचण असते ती एवढं पाणी साठवायला जागा काढण्याची.

शेतात मापांची खिचडी होते. सातबाऱ्यावर हेक्टर-आर, बोलण्यात एकर-गुंठे. पण आर म्हणजे १०० चौरस मीटर आणि गुंठा १०१ पेक्षा जरासा जास्त, तेव्हा पाण्याच्या हिशेबाला दोन्ही एकच धरले तरी चालतात. गुंठ्यावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १०० लिटर. २५ मिलिमीटरची एक चांगली सर एकरभर रानाला लाखभर लिटर देऊन जाते.

उलट दिशेनेही हाच हिशेब लागू पडतो. वरून ३० बाय ३० मीटरचं शेततळं काठोकाठ भरलंय आणि उन्हाने रोज ५ मिलिमीटर पाणी उडतंय, असं धरा. ९०० चौरस मीटर गुणिले ५, म्हणजे रोजचं साडेचार हजार लिटर, पिकाला थेंबही न मिळता.