बारावीनंतरची सात वर्षे

पैठणीच्या येवल्यात धावण्याची आवड असलेल्या कन्येला बारावी होताच घरी विचारले जाते, “आता धावणे पुरे ना?” याचे उत्तर आपल्या नाशिक जिल्ह्यातच आहे. सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० मध्ये दहा हजार मीटर शर्यतीत दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत कांस्य आणि ग्वांगझू आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळवले. तेव्हा त्यांचे वय २५ होते. लांब पल्ल्याचा दम असा सावकाश मुरतो. अठराव्या वर्षी थांबणे म्हणजे व्याज लागण्यापूर्वीच मुद्दल काढून घेणे. म्हणून महाविद्यालय निवडताना शाखेबरोबर मैदान, प्रशिक्षक आणि आंतरविद्यापीठ स्पर्धांची संधीही पाहावी. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या आपल्या घरांना पहाटेचा सराव जड जाऊ नये.